जाहिरातीतले पाय

त्याला सगळे पळ्या म्हणायचे. शाळेत पीटीच्या मास्तरांनी ठेवलेलं नाव, ते जन्माचं चिकटलं. दुकानात मालक पळ्या म्हणायचे, गल्लीत दूधवाला पळ्या म्हणायचा, आणि बायको रागावली की तीही म्हणायची. फक्त सासरे तेवढे 'जावईबापू' म्हणत, आणि तेही त्याच्या समोर.

नाव उगाच पडलं नव्हतं. पंधराशे मीटरमध्ये तो एकदा राज्यात तिसरा आला होता. पहिल्या दोघांना नोकऱ्या लागल्या, एकाला पोलिसात, एकाला रेल्वेत. तिसऱ्याच्या वाट्याला पदक आलं आणि मास्तरांची पाठीवर थाप. पुढे दोन वर्षं तो पळत राहिला, मग वडील गेले, आणि बाजारपेठेतल्या बुटांच्या दुकानात सेल्समन म्हणून लागला. 'थोडे दिवस' म्हणून लागला होता. तेरा वर्षं झाली तरी ते थोडे दिवस काही संपले नव्हते.

दुकान जुन्या पद्धतीचं होतं. मधोमध पाठीला पाठ लावलेले दोन बाक, त्यांच्यापुढे उतरत्या फळीचे बुटके स्टूल. गिऱ्हाईक बाकावर बसायचं, पळ्या स्टुलावर. गिऱ्हाइकाचा पाय फळीवर घ्यायचा, लाकडी मापपट्टीवर टाच टेकवायची, चवडा दाबून बघायचा. भिंतीला छतापर्यंत खोकी. डोळ्यांसमोरच्या फळीवर काळे चामडी बूट, डावीकडे बायकांच्या सँडल, मागे शाळेच्या बुटांचा ढीग. आणि दाराच्या आड, अगदी खालच्या फळीवर, झाडताना केरसुणी लागेल अशा जागी, पळायच्या बुटांची पाच-सहा खोकी.

ते बूट कोण घ्यायचं? एक तर पळणारी पोरं. दुसरे, भरतीची तयारी करणारे. आणि तिसरे, डॉक्टरांनी 'रोज चाला, नाहीतर बघा' असा दम दिलेले. ही तिसरी मंडळी मोठी गमतीची. ते बूट पिशवीत घालून बागेपर्यंत न्यायचे, बाकावर बसून बदलायचे आणि फिरून झालं की पुन्हा पिशवीत. भर रस्त्यातून असले बूट घालून जायचं म्हणजे बनियनवर बाजारात आल्यासारखं वाटायचं त्यांना.

पण पळ्याचा जीव त्या खालच्या फळीत होता. पळायचे बूट मागणारं कुणी आलं की तो बाकीची गिऱ्हाइकं दुसऱ्या सेल्समनच्या गळ्यात मारायचा. किती पळता? मातीवर की डांबरावर? जुना बूट आणलाय का? जुन्या बुटाची टाच उलटी करून ती कुठल्या बाजूनं झिजलीय ते बघायचा, एखाद्या वैद्यानं जीभ बघावी तशी. अंगठ्याच्या पुढे अंगठाभर जागा उरलीच पाहिजे, हा त्याचा कायदा. आपल्या मापाचा नाही म्हणून लहान घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाच्या हातातून तो खोकं काढून घ्यायचा.

"साहेब, आत्ता दुकानात बरा वाटतोय. दोन किलोमीटर पळलात की नख काळं पडेल आणि शिव्या मला घालाल."

मालक गल्ल्यावरून म्हणायचे, "पळ्या, तू बूट विकायला बसलायस की परत पाठवायला?" पण चिडायचे नाहीत. पोरगं मनापासून काम करतं, हे त्यांना कळायचं.

लग्न झालं, मुलगी झाली. बायको घरी शिवणकाम करायची. खोल्या दोनच, पण शिवणयंत्र खिडकीशी, मुलीचा अभ्यास त्याच्या पलीकडे, असं सगळं बसलं होतं. पळ्या पहाटे उठून मैदानावर चार फेऱ्या मारून यायचाच. कुठल्या शर्यतीसाठी नाही. आंघोळ केल्याशिवाय काहींना चैन पडत नाही, तसं.

तो तेहेतीस वर्षांचा असताना कंपनीचा एजंट दुकानात आला. हा एजंट दर दोन महिन्यांनी यायचा, तेच तेच नमुने दाखवायचा आणि मालक तीच तीच मान हलवायचे. त्या दिवशी मात्र तो पिशवी न उघडताच बोलायला लागला. कंपनी पळायचा नवीन बूट काढतेय, पण पळणाऱ्यांसाठी नाही. सगळ्यांसाठी. ऑफिसात घाला, कॉलेजात घाला, लग्नाला घाला.

"लग्नाला?" मालक हसले. "नवऱ्यानं काय पळून जायचंय?"

"हसा तुम्ही. जाहिरात कोण करतंय माहितीये?" त्यानं एका नटाचं नाव घेतलं. त्या वेळी त्या नटाचे तीन सिनेमे एकदम लागले होते. गावातल्या निम्म्या पोरांचे केस त्याच्यासारखे कापलेले होते. मालकांचं हसू जरा कमी झालं.

अडचण एकच होती, एजंट म्हणाला. जाहिरातीत हिरो पळताना दाखवायचा होता आणि हिरोला पळता येत नव्हतं. गुडघ्याचं काहीतरी होतं. शिवाय कॅमेऱ्यात तो पळताना कडेवर पोर घेऊन बस पकडायला निघाल्यासारखा दिसायचा. तेव्हा पाय दुसऱ्याचे हवे होते. उंची साधारण इतकी, रंग साधारण असा. एजंट बोलता बोलता स्टुलावर बसलेल्या पळ्याकडे बघत होता.

पळ्यानं विचार केला नाही. तेरा वर्षांत त्याला कुणी 'पळून दाखव' म्हणालं नव्हतं. मालकांनी तीन दिवसांची रजा दिली. घरी बायको म्हणाली, "पडद्यावर तुम्ही दिसणार?"

"मी नाही. माझे पाय."

"म्हणजे निम्मे तर दिसणार," ती म्हणाली आणि खूप हसली. मुलगी नऊ वर्षांची होती. ती त्याच्या पायांभोवती नाचत सुटली.

शूटिंग होतं अजून सुरू न झालेल्या नव्या उड्डाणपुलावर. सकाळी सातला पळ्या पोचला तेव्हा एका माणसानं त्याच्यापुढे कागद धरला. या कामाबद्दल बाहेर कुणाकडेही, कधीही बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ. पळ्यानं सही केली. मग बूट आले. पांढरे, कडेला लाल पट्टा, टाचेत फुगीर सोल. असा एकच जोड तयार झाला होता, खास हिरोच्या मापाचा. नऊ नंबर.

पळ्याचा पाय दहा नंबरचा.

"दहा नाही?" त्यानं विचारलं.

"हिरो नऊ घालतो ना. त्याच्या मापाचे आहेत," कपडेपट सांभाळणारी बाई म्हणाली. "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

त्यानं आतल्या तळाचं मऊ पान उपटून काढलं, मोजे काढून टाकले, आणि तेरा वर्षं ज्यासाठी लोकांच्या हातातून खोकी काढून घेतली तेच केलं. बोटं आत दुमडून पाय कोंबला. नाही म्हणायची वेळ होती ती. पण पुलावर दोन्ही बाजूंनी दिवे लागले होते, पन्नास माणसं त्याच्यासाठी खोळंबली होती, आणि समोर कोरा करकरीत मोकळा रस्ता पडला होता. पळणाऱ्या माणसाला असा रस्ता दिसल्यावर काय होतं ते पळणाऱ्यालाच माहीत.

पहिल्या दिवशी तो एकवीस वेळा पळाला. दाढीवाला डायरेक्टर खूश होता. "वा! हरीण आहे हरीण!" म्हणत होता. संध्याकाळी बूट काढून परत दिले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी झालेली. घरी बायकोनं कोमट पाण्याची बादली आणली.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या जिन्यावर पाणी मारलं होतं. पायऱ्या उतरत यायचं आणि शेवटच्या चार पायऱ्या एका उडीत पार करायच्या. बूट चावतोय म्हणून तो नकळत टाच उचलून, चवड्यावर पळत होता. चौदाव्या वेळी उडी मारली, डावा पाय टेकला, पुढच्या पावलासाठी जोर लावला, आणि मागून कुणीतरी टाचेवर सणसणीत लाथ घातली.

तो चिडून वळला. मागे कुणीच नव्हतं. दिव्याची वायर धरून उभा असलेला माणूस दहा पावलांवर होता. पळ्यानं पुढे पाऊल टाकायला पाहिलं तर पाय ओल्या फडक्यासारखा फतकल घालून पडला, आणि त्याच्यावर पळ्या.

"शॉट मिळाला?" डायरेक्टर कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारत होता. मिळाला होता.

कंपनीच्या माणसानं त्याला टॅक्सीत घालून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सुजलेला घोटा दाबून बघितला, मुरगळलाय म्हणाले, इलॅस्टिकची पट्टी बांधली, पंधरा दिवस आराम सांगितला. पंधराचे तीस झाले. सूज उतरली, पण पळ्याला चवड्यावर उभं राहता येईना. शेवटी बायको त्याला ओढतच मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी टाचेच्या वर बोट फिरवलं. जिथे दोरखंडासारखी जाड शीर हवी, तिथे बोट आत गेलं.

"ही तुटलीय. किती दिवस झाले?"

"महिना."

"पहिल्या आठवड्यात आला असतात तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडलं. शीर वर सरकली होती. शस्त्रक्रिया केली, सहा आठवडे प्लास्टर घातलं, पण ती पूर्वीसारखी ताणून बसली नाही. चालता येईल, त्या म्हणाल्या. पळणं विसरा.

पळ्या लंगडत दुकानात परत आला तेव्हा मालक म्हणाले, "तुझं काम बसूनच आहे. बस." तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

आणि मग जाहिरात आली.

संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी ती लागली. वीस सेकंदांची. पांढरे बूट, ओल्या पायऱ्या, पोटऱ्या, उडी. मग हिरोचा घामेजलेला चेहरा, वाऱ्यात उडणारे केस. मग हिरो कोटावर तेच बूट घालून एका पार्टीत शिरतो आणि सगळ्या पोरी वळून बघतात. बायकोनं शिवणयंत्र थांबवलं. डाव्या पोटरीवर लहानपणी पत्र्यानं कापल्याचा व्रण होता. तो पडद्यावर हातभर दिसला. "हे तुम्ही," ती म्हणाली. मुलगी किंचाळली, "बाबा! बाबा पळतायत!"

चौकात होर्डिंग लागलं, चार मजली. वर हिरोचं तोंड चिकटवलेलं, खाली हवेत तरंगणारे दोन पाय. पळ्यानं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो रस्त्याच्या कडेला थांबला. त्याला ती उडी ओळखू आली. चौदावी. चित्रात डावा पाय अजून जमिनीला टेकायचा होता.

त्यानंतर जे झालं ते बाजारपेठेनं आधी कधी बघितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात कॉलेजची पोरं आली. दुसऱ्यात त्यांच्या बहिणी. मग बँकेतले कारकून, विमा विकणारे, कोर्टातला एक वकील. पिशवीतून बूट नेणारे एक आजोबा होते, ते आता तेच बूट घालून, पँट जरा वर दुमडून, मुद्दाम भर रस्त्यानं यायला लागले. नवऱ्या मुलाचा मामा येऊन म्हणाला, "हिरोचे बूट द्या, लग्नासाठी. पांढऱ्या सुटावर." मालकांना आपला जुना विनोद आठवला असेल तर त्यांनी तो गिळला. दाराआडची खालची फळी रिकामी झाली. पळायचे बूट डोळ्यांसमोर आले, मग काचेत आले, आणि काळे चामडी बूट हळूहळू दाराआड गेले.

पळ्या सवयीनं विचारायचा, "किती पळता?"

लोक हसायचे. एका पोरानं सांगितलं, "पळतो कशाला? घाण होतील ना!" ती पोरं बूट रोज टूथब्रशनं धुवायची, ओल्यातून जाताना काढून हातात घ्यायची. नंबर संपला की एक नंबर लहान न्यायची. "चालेल, सैल होईल." पळ्यानं सुरुवातीला दोघा-तिघांच्या हातातून खोकं काढून घ्यायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी मालकांनी त्याला आत बोलावलं. "पळ्या, पुरे. ज्याला जो हवा तो घेऊ दे. दुनिया बदलली, आपण का अडून बसायचं?" आवाज चढवला नाही, पण या वेळी गंमतही नव्हती.

शाळेतलं प्रकरणही तेव्हाच निघालं. मुलीनं वर्गात सांगून टाकलं होतं, ते पाय माझ्या बाबांचे आहेत. पोरं आधी थक्क झाली, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हिला न्यायला येणारा माणूस लंगडतो. मग जो हशा पिकला तो आवरेना. ती एका मुलाला चावली. बाईंनी पळ्याला बोलावून घेतलं.

शिक्षकांच्या खोलीत लांब टेबल होतं, त्याच्या टोकाला मुलगी उभी, वेणीची रिबन सुटलेली. बाई समजूतदार होत्या. "हे बघा, मुलं बापाचं कौतुक करतात, चांगलंच आहे. पण ही शपथा घेतेय. सगळ्यांसमोर सांगतेय. तुम्हीच सांगा तिला, म्हणजे विषय संपेल. असं काही आहे का?"

पळ्याला तो कागद आठवला, सही आठवली. मागच्याच महिन्यात त्यानं कंपनीच्या माणसाला पायाच्या खर्चाबद्दल विचारायला फोन केला होता. पलीकडचा आवाज म्हणाला होता, "कागदावर काय लिहिलंय ते लक्षात आहे ना? मालक तुमचे आमचा माल विकतात, एवढं ध्यानात ठेवा." खोलीत आणखी चार शिक्षक वह्या तपासत होते. त्यातल्या दोघांच्या पायांत तेच बूट होते.

"नाही हो बाई," तो म्हणाला. "पोरीच्या मनाचे खेळ."

मुलगी रडली नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग खाली, त्याच्या डाव्या पायाकडे, मग खिडकीबाहेर. घरी येताना ती त्याच्या दहा पावलं पुढे चालत राहिली. त्यानं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "काय केलंत हो हे," एवढंच म्हणाली.

"नोकरी गेली असती."

"जाऊ द्यायची होती." मग तिचं तिलाच पटलं नसावं, कारण ती पुन्हा यंत्रावर बसली आणि मघाचीच शिवण उसवायला लागली.

दोन वर्षांत म्हातारे मालक घरी बसले आणि धाकटे मालक गल्ल्यावर आले. त्यांनी बाक काढले, स्टूल काढले. काचा, आरसे, गाणी लागली. गिऱ्हाइकानं उभ्यानंच बूट उचलायचा, आपला आपण घालायचा, आरशात बघायचं. लाकडी मापपट्टी एके दिवशी पळ्याला कचऱ्याच्या डब्यात दिसली. ती त्यानं उचलली नाही. काय करायचं होतं तिचं? बुटांना आता 'स्नीकर्स' म्हणायचं होतं. 'पळायचे बूट' म्हणालं की नवी पोरं गालातल्या गालात हसायची. सगळ्या सेल्समनना सारखे टीशर्ट आणि पांढरे स्नीकर्स मिळाले.

पळ्याला टीशर्ट मिळाला नाही. धाकट्या मालकांनी त्याला बाजूला घेतलं. "रागावू नका हां. पण ही वस्तू आहे रुबाबाची. आणि तुम्ही लंगडत लंगडत घेऊन येणार... बरं दिसत नाही. खाली गोदामात तुमच्याइतका माहीतगार कुणी नाही. खालचं तुम्ही बघा."

रागावण्यासारखं त्यात काय होतं? बोलणं खरंच होतं. तो खाली गेला. दुकानाखाली बिनखिडकीचं गोदाम, सतरा पायऱ्या, एक ट्यूबलाइट, नव्या रबराचा आणि गोंदाचा वास. वरून पोरं नळीतून ओरडायची, "पांढरा, लाल पट्टा, आठ!" पळ्या खोकं शोधून सरकत्या पट्ट्यावर ठेवायचा. दिवसभर त्याला फक्त डोक्यावरची पावलं ऐकू यायची. गिऱ्हाइकाचा पाय हातात धरून तो कधी शेवटचा बसला होता, ते त्याला आठवेना.

अशी पाच वर्षं गेली. त्या बुटाची नवी आवृत्ती आली आणि कंपनीनं ठरवलं की जिथे सगळ्यात जास्त खप, तिथे हिरोला स्वतः न्यायचं. दुकानापुढे सकाळपासून रस्ता बंद. पुढून शिरायला जागा नव्हती, म्हणून गाडी मागच्या बोळात आणली आणि हिरोला माल उतरवायच्या दारानं आत घेतलं. गोदामात.

पळ्यानं त्याला पहिल्यांदाच जवळून बघितलं. सुटलेलं पोट आवळून धरलेलं, केस रंगवलेले, पण चेहरा चांगला होता, थकलेला. तो एका खोक्यावर बसला आणि बरोबरच्या कंपनीच्या अधिकाऱ्याला म्हणाला, "अरे, हे बूट चावतायत. मला वर उभं राहता येणार नाही यात."

अधिकाऱ्यानं फोनमध्ये बघितलं. "सर, नऊच आहे. फाइलमध्ये तुमचा नंबर नऊ आहे."

"दहा! किती वर्षं सांगतोय तुम्हा लोकांना? पहिल्या जाहिरातीपासून तुमच्या फाइलमध्ये नऊच आहे. कुणा शहाण्यानं लिहिलंय देव जाणे."

पळ्या फळीवरून दहा नंबरचं खोकं काढत होता. त्याचा हात तिथेच राहिला. मग त्यानं खोकं आणलं, खाली बसला, डावा पाय एका बाजूला काढून, आणि हिरोचा पाय मांडीवर घेतला.

"मग साहेब," त्यानं नाडी सोडता सोडता विचारलं, "त्या पहिल्या जाहिरातीत तुम्ही..."

"त्यात?" हिरो खळखळून हसला. "त्यात मी कमरेच्या वरच होतो. खाली घरच्या चपला होत्या माझ्या! आणि पार्टीतल्या शॉटसाठी तर नंतर दहाचा नवा जोड करून घेतला. तो पहिला नऊचा जोड मी पायात घातलाच नाही कधी." मग जरा आठवल्यासारखं करून म्हणाला, "पळणारा दुसराच कुणीतरी होता. काय पळायचा बेटा! काय झालं रे त्याचं पुढे?"

"कल्पना नाही, सर," अधिकारी म्हणाला. "एजन्सीनं कुठून तरी आणला असेल."

दोघांनीही पळ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो बोलला असता का? पुढे कित्येक दिवस त्यानं स्वतःला हे विचारलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलं. त्या क्षणी त्यानं हिरोच्या अंगठ्यापुढे आपला अंगठा दाबून बघितला.

"दहा बरोबर आहे साहेब. नाडी सैल ठेवतो."

हिरो उठला, दोन पावलं चालला. "आहाहा. आता बरं वाटलं." जाताना त्याला लंगडणं दिसलं. "पायाला काय झालं, काका?"

"जुनं दुखणं आहे."

"काळजी घ्या," म्हणून त्यानं पळ्याच्या खांद्यावर थोपटलं आणि तो पायऱ्या चढून वर गेला. मग छतातून जो आरडाओरडा खाली आला, त्यानं फळ्यांवरची खोकी थरथरली.

त्या संध्याकाळी पळ्यानं मुलीला सगळं सांगितलं. ती सोळा वर्षांची होती, जेवणाची ताटं पुसत होती. पूल, कागद, नऊ नंबर, टाचेवरची लाथ, आणि आज गोदामात काय कळलं ते. त्याला वाटलं होतं, ती निदान हातातलं ताट खाली ठेवेल.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाय तुमचे होते ते. व्रण दिसत होता की. तुम्ही बाईंना नाही म्हणालात तेव्हाही मला माहीतच होतं."

"मग तू कधी..."

"मी काय? तुम्ही नाही म्हणून घरी आलात, आणि वर्गात खोटारडी मी झाले. शाळा बदलेपर्यंत, चार वर्षं, मला 'पायवाली' म्हणायचे सगळे. आली पायवाली, गेली पायवाली." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला आज कळलं ना, की ते सगळं एका चुकीच्या आकड्यापायी झालं? त्याचं तुम्हाला वाईट वाटतंय. पण त्या खोलीत तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती, बाबा."

बायको मध्ये पडली, "अगं, असं बोलू नये बापाशी."

"बोलू दे," पळ्या म्हणाला. मुलीनं पुसलेली ताटं एकावर एक रचली आणि फळीवर ठेवून दिली.

ती पुढे नर्सिंगला गेली, दुसऱ्या शहरात नोकरी धरली. दुकानानं गोदाम शहराबाहेर हलवलं आणि तिकडे माणसं ठेकेदाराची घेतली. पळ्या आता एका इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात दारापाशी बसून नंबराचे कागद वाटतो. आलेल्या माणसाच्या पायांकडे आधी बघायची सवय मोडायला त्याला दोन वर्षं लागली. आता तो तोंडाकडे बघतो. आजारी माणसं, त्यांच्याबरोबरची माणसं, डॉक्टर, झाडूवाल्या, जवळजवळ सगळ्यांच्या पायांत तसलेच बूट असतात, आणि ते कुठून आले हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

रविवारी दुपारी मुलीचा फोन येतो. ती आईशी बोलते, ड्यूटी, खोलीवरच्या मैत्रिणी, स्वयंपाकाला काय केलं ते. शेवटी विचारते, "बाबा कसे आहेत?" बायको फोन त्याच्याकडे देते.

"बरं आहे ना?" तो विचारतो.

"हो. तुमचं?"

"बरं आहे."

मग तो फोन बायकोला परत देतो.